‘घरी सांगू नकोस’, मी म्हणालो होतो

मी शाळेत कबड्डी शिकवतो. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, सुजलेली बोटं यांचं काय करायचं ते हातात बसलेलं आहे. डोक्याच्या माराबद्दल मात्र माझी अनेक वर्षं एकच समजूत होती: पोरगा बेशुद्ध पडला तर गंभीर, नाहीतर मुका मार. ही समजूत साफ चुकीची होती, आणि तिचा त्रास माझ्या एका विद्यार्थ्याला झाला.

जिल्हा पातळीचा उपांत्य सामना होता. चढाईतून परतताना त्यानं मध्यरेषेकडे झेप घेतली आणि कोपऱ्यातल्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानाच्या वर बसला. तो लगेच उठला, पण आपल्या अंगणात यायचं सोडून समोरच्या संघातच जाऊन उभा राहिला. पोरं हसली. मी हाक मारून त्याला बोलावलं, तोंडावर पाणी मारलं, ‘बरा आहेस ना?’ म्हणून विचारलं. ‘हो सर,’ म्हणाला. आम्ही मागे पडलो होतो. मी त्याला पुढच्या चढाईला पाठवला.

आपलं अंगण कोणतं हे त्याला उमगलं नव्हतं, हेच सर्वांत मोठं लक्षण होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. शिवाय मी विचारलेला प्रश्नच असा, की त्याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर नव्हतं. मला तेच ऐकायचं होतं. अशा वेळी विचारायला हवं, की आपण कुठे खेळतोय, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गुण कुणी घेतला, मागचा सामना जिंकलो की हरलो? अर्थात याची उत्तरं बरोबर आली तरी त्या दिवशी त्याला खेळवायचं नाही, हे मी फार उशिरा शिकलो.

परतीच्या जीपमध्ये त्याला उलटी झाली. घाट लागला असेल, असं मी धरून चाललो. डोकं दुखतंय म्हणाला, तेव्हा ‘झोप काढ, उतरेल’ म्हणालो. आणि उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, ‘घरी सांगू नकोस. आई फायनलला पाठवायची नाही.’ माझी सर्वांत वाईट चूक हीच. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर माणूस काही तास ठीक दिसतो आणि मग झपाट्यानं ढासळतो. म्हणून पहिल्या रात्री कुणाचं तरी लक्ष असावं लागतं. तो पोरगा त्या रात्री ओसरीवर एकटा झोपला, आणि लक्ष ठेवायचं आहे हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

पुढे वर्गात त्याला उजेड सहन होईना, फळ्यावरचं वाचवेना, बारीकसारीक गोष्टींवरून तो चिडू लागला. मी त्याला नाटक म्हटलं. शेवटी वर्गशिक्षिकेनं घरी फोन केला. आई त्याला घेऊन तालुक्याला गेली. सीटी स्कॅन स्वच्छ आला, तसा मी लगेच सरावाची वेळ कळवली! डॉक्टरांनी मला बोलावून समजावलं. रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर आहे का, हे स्कॅन सांगतो. मेंदू हादरून त्याचं काम बिघडतं, ते त्यात बहुधा दिसत नाही. तो पुरता सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते, आणि या वयात तो धोका जास्त.

त्याच्या आईनं मला एवढंच विचारलं, ‘सर, तुम्ही मला का नाही सांगितलंत?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

२०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला, तो सामना मी पाहिला होता. तपासण्या झाल्या, तो परत फलंदाजीलाही आला, आणि दुसऱ्या दिवशी लक्षणं दिसली म्हणून त्याच्या जागी लाबुशेन खेळला. शेजारी डॉक्टर असताना जे लगेच कळलं नाही, ते मी पाण्याची बाटली हातात घेऊन ठरवत होतो.

बरं होतानाही मी एक चूक करणार होतो, त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवण्याची. डॉक्टरांनी सांगितलं, एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल जवळजवळ बंद, मग फिरणं, अर्धा दिवस शाळा. आधी शाळा पूर्ण जमली पाहिजे. मग धावणं, मग अंगाला अंग न लावता पदन्यास, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पकडी. दोन पायऱ्यांमध्ये किमान एक दिवस, आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे. फायनल त्याच्याविना झाली, आम्ही हरलो. तो पुढच्या हंगामात खेळला.

आता शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि घरी फोन मी मैदानावरूनच करतो. सांगतो की झोपू द्या, पण जवळ झोपा. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, जीभ जड झाली, झटका आला, हात किंवा पाय लुळा पडला, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आलं, हाका मारून जाग येईना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि मग मला करा, रात्री कितीही वाजलेले असोत.