डब्याला जागा होती

एसटीच्या संपाचा विषय निघाला की लोक विलीनीकरण, कोर्ट, वकील यांवर तावातावानं बोलतात. माझं डोकं मात्र अजून एका बाइकच्या मागच्या सीटवरून तापतं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कऱ्हाड-चिपळूण रस्त्यापासून बरंच आत. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, तसे आमचेही. मी कऱ्हाडला औषधांच्या एका होलसेल दुकानात बिलिंगला होते. रात्री मुक्कामी आलेली गाडी सकाळी सहाला सुटायची. तिच्यात दुधाच्या किटल्या, शाळेच्या पोरी, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि डबे. कऱ्हाडात खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनंच जातात. ड्रायव्हरशेजारी पिशव्या रचून ठेवायच्या, स्टँडवर पोरं न्यायला उभी. माझ्या धाकट्या दिराचाही डबा त्यात असायचा.

२०२१ च्या दिवाळीत गाड्या थांबल्या. कोरोनानंतर ४ ऑक्टोबरला कुठं शाळा उघडल्या होत्या, पोरी पुन्हा घरी. दिवाळी सरली तरी गाडीचा पत्ता नाही. मालकांना फोन केला तर म्हणाले, “ताई, संप एसटीचा आहे, दुकानाचा नाही.” वडाप होतं, पण फाट्यापर्यंत अंधारात चालत जायचं, जीप भरेपर्यंत ताटकळायचं आणि भाडं तिप्पट. संध्याकाळी परत यायला तीही मिळेल याची खात्री नाही. निम्मा पगार जीपवाल्याच्या हातावर ठेवण्यासाठी कोण नोकरी करतं?

आमच्या आळीतलाच एक मुलगा कऱ्हाडला कामाला. रोज सहाला आमच्या दारावरून जायचा. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दिराच्या डब्याचं त्याच्याशी बोलून टाकलं. झालं, रोज पहाटे मी भाकरी थापायची, पिशवीला गाठ मारायची आणि बाइकच्या हुकाला अडकवायची. थंडीचे दिवस, सीटवर दव साचलेलं असायचं. तो खिशातून फडकं काढून पुढची-मागची अख्खी सीट पुसायचा. मागची कशाला पुसतोस बाबा, असं रोज ओठांवर यायचं.

शेवटी मामांना विचारलं, मीही त्याच्याबरोबर जाऊ का? त्यांनी पेपर खालीसुद्धा केला नाही. “बरं दिसत नाही.” सासूबाई म्हणाल्या, “चार लोक बघत्यात.” रात्री मुंबईला फोन केला तर हे म्हणाले, “मामा म्हणतात तसं कर. बस की थोडे दिवस घरी, आराम कर.” आराम! दोन म्हशींचं शेण, पाणी, सासूबाईंचे गुडघे, आणि वर येताजाता “आता घरीच हाईस तर” म्हणून वाढलेली कामं. त्या बाइकवाल्या मुलाला दोष देत नाही. त्याच्या आईनंही त्याला तेच सांगितलं असतं.

एकदा त्याच सीटवर तांदळाचं पोतं दोरीनं आवळून कऱ्हाडला गेलं. मामांचं बीपी वाढलं तेव्हा तेही त्याच सीटवर बसून पाटणला जाऊन आले. कुणाला काही दिसलं नाही. त्या सीटवर डबा चालतो, पोतं चालतं, सासरा चालतो. सून तेवढी चालत नाही. नोकरी गेल्याचं दुःख आता उरलेलं नाही, हे मात्र पचत नाही.

हो, नोकरी गेलीच. मालकांनी बाइकवाला पोरगा ठेवला.

त्या रागाच्या भरात एक दिवस शेजारच्या कंडक्टरभाऊंना अडवलं. म्हटलं, “तुमचं भांडण सरकारशी, आणि घरात कोंडून आम्ही?” त्यांनी वाद घातला नाही. २४ नोव्हेंबरला जाहीर झालेल्या पगारवाढीचं सांगितलं: दहा वर्षांच्या आत नोकरी असेल तर मूळ पगारात पाच हजार, वीसपर्यंत चार, आणि त्यापुढे अडीच. त्यांची नोकरी वीस वर्षांच्या वरची. केसं पांढरी करून अडीच हजार! वर पगार वेळेवर नाही म्हणून त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी जीव दिलेले. मी म्हटलं, नका जाऊ कामावर. आणि दुसऱ्या दिवशी डबा अडकवताना पुन्हा त्यांनाच मनात शिव्या घातल्या. नव्वद हजारांहून जास्त माणसं पोटासाठी बसलीत हे कळत होतं, पण सकाळी सहाला ते कळणं कामाला येत नव्हतं.

तेव्हा टीव्हीवर रोज चर्चा व्हायची. त्यात एकाही दहावीतल्या पोरीला कुणी बोलावल्याचं मला आठवत नाही. ‘प्रवाशांचे हाल’ म्हणून ओस पडलेलं स्टँड दाखवायचे. हाल स्टँडवर कशाला सापडतील? ते घरात म्हशीचं शेण काढत होते. गावातल्या बाइकवाल्या पुरुषांना विचारा, संप किती दिवस चालला ते अनेकांना सांगता येणार नाही.

कोर्टानं २२ एप्रिलपर्यंत रुजू व्हायला सांगितलं, कंडक्टरभाऊ गेले, मुक्कामी गाडी परत सुरू झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगली गोष्ट आहे, मी रोज घेते. आता पाटणला एका पतसंस्थेत जाते. पण आमची दुपारची फेरी संपात बंद पडली ती पडलीच. दुपारी कॉलेज सुटलेल्या पोरी संध्याकाळच्या गाडीपर्यंत स्टँडवर बसून असतात. आणि अर्धं तिकीट काढायला आधी गाडी यावी लागते.

आम्ही आगारात अर्ज दिलाय. तुमच्या गावची फेरीही अशीच बंद असेल तर तुम्हीही द्या, आणि सह्या बायकांच्या घ्या. पुरुषांच्या मागे लागू नका, त्यांना बाइकवरून उतरायला वेळ नसतो.