करिष्मा १८

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, उरलेलं सगळं जग चालवतो. पात्राच्या कागदावर सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. ताकद १८ असली म्हणून खेळणाऱ्याला खरंच दार फोडून दाखवावं लागत नाही. करिष्मा १८ असला, की तोंड मात्र स्वतःचंच उघडावं लागतं.

माझं पात्र बार्ड आहे. गाणारा, माणसांना बोलण्यात गुंगवणारा. बार्ड म्हटलं की लोकांना डोळे मिचकावणारा, दिसेल तिच्यावर लाइन मारणारा हिरो आठवतो. असा माणूस मला आयुष्यात भेटलेला नाही. मला भेटले ते रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावचे मोठेबाबा. लग्नात जावई रुसला, की त्यांना बोलावणं जायचं. ते भाषण द्यायचे नाहीत. शेजारी बसायचे, तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, "लय तरास झाला असन ना प्रवासात?" पंधरा मिनिटांत जावई पंगतीत.

पुण्यात येऊन मला नऊ वर्षं झाली. ऑफिसात मी 'मले' गिळून 'मला' म्हणतो, वाक्य आधी मनात कंपाइल करतो, मग बोलतो. आमचा खेळही अर्धा इंग्रजीत, अर्धा पुणेरी मराठीत चालतो. बार्डला मी मुद्दाम वऱ्हाडी दिली.

एका शनिवारी आम्ही शहराच्या वेशीवर अडकलो. पहारेकरी सोडेना. डीएमनं १५ चं लक्ष्य ठेवलं. माझ्याकडे अधिक ६, म्हणजे वीस बाजूंच्या फाश्यावर ९ किंवा जास्त हवं. शक्यता ६० टक्के. फासा टाकण्याआधी मी पहारेकऱ्याला म्हणालो, "राम राम भाऊ. जेवले का? कवाचे उभे हा तुमी?"

टेबलावर हशा पिकला. डीएम मात्र थांबला. पहारेकऱ्याला आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणाला आणि फासा न टाकताच त्यानं दार उघडलं. नियमातही तसंच आहे: निकालाबद्दल शंका असेल तरच फासा.

आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन यानं चौथ्या शतकात प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. ते आज पूर्ण मिळत नाही, अलंकारशास्त्राच्या ग्रंथांनी उद्धृत केलेले श्लोक तेवढे उरलेत. विषय काय, तर रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णानं स्वर्गातून पारिजातक आणला. एवढा मोठा बोलका देव, पण समजूत काढायला तिला नेमकं काय लागलंय हेच त्याला आधी ओळखावं लागलं. मोठेबाबांनी हे काव्य वाचलेलं नव्हतं.

आता सोमवारच्या कॉलवर कुणी चिडलेलं असलं, तर मी डेडलाइनच्या आधी विचारतो, "काल किती वाजेपर्यंत जागे होतात?" 'मले' अजून तिथं तोंडातून निघत नाही. बार्ड मात्र दर शनिवारी म्हणतो, आणि आता टेबलावर कुणी हसत नाही.