चिडाचं बन आणि आमचं रान

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. जंगल म्हटलं की ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि मधूनच वेळूची बेटं, एवढंच लहानपणापासून डोळ्यांत भरलेलं. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त राणीखेतला होता, म्हणून एका मे महिन्यात आम्ही उत्तराखंडातल्या कुमाऊंला गेलो आणि सूचिपर्णी जंगल मी पहिल्यांदा पाहिलं.

आधी जाणवला तो वास, उन्हात तापलेल्या राळेचा. चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, खोडांवर खाचा पाडून खाली भांडी अडकवलेली होती. त्यांत साचणाऱ्या राळेला तिथे लीसा म्हणतात; तिच्यापासून टर्पेंटाइन निघतं. पायाखाली वाळलेल्या सुयांचा जाड, निसरडा थर होता. एक जुडगा उचलून पाहिला. बुडाशी बारीक वेष्टन आणि त्यातून निघालेल्या तीन सुया, माझ्या वितीहून लांब. शेजारी पडलेल्या शंकूच्या लाकडी खवल्यांआड पंख असलेलं बी होतं. या झाडांना आपल्याकडच्या झाडांसारखं फूल नाही, बीवर फळाचं आवरण नाही. परागकण वाऱ्यावर जातात, बीही वाराच नेतो.

मला मात्र सारखं मोहाचं झाड आठवत होतं. फूल गळलं की माणूस वेचतो, अस्वल खातं, हरणं खातात. पुढे टोळीचं, म्हणजे मोहाच्या बीचं, तेल निघतं. चिडाच्या उतारावर नजर जाईल तिथवर एकच जात. आमच्याकडे चार पावलं टाकली की झाड बदलतं.

फरकाचं मूळ पाण्यात आहे. सूचिपर्णी झाड पान बारीक करतं, त्यावर मेणाचा थर चढवतं आणि कोरडे, थंड महिने हिरवंच राहून काढतं. गोंदियाच्या झाडांना पाऊस मिळतो तो मुख्यतः चार महिने. मोठ्या पानांतून पाणी उडू नये म्हणून उन्हाळ्याआधी ती पानंच टाकून देतात. हा पाचोळा वाळवी आणि पावसाळा मिळून भराभर मातीत मुरवतात. चिडाच्या सुया लवकर कुजत नाहीत. त्यांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. म्हणूनच तिथल्या बायका बांजाच्या बनाला जपतात. बांज हा रुंद पानांचा ओक. जनावरांचा चारा त्याच्यावर चालतो.

महाराष्ट्रात नैसर्गिक सूचिपर्णी जंगल नाही. त्यामुळे चित्रांतलं बारमाही हिरवं बन पाहिलेली माणसं एप्रिलमध्ये आमच्याकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात येतात आणि ‘सगळं वाळून गेलंय’ म्हणतात. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. त्याच दिवसांत मोह फुललेला असतो, चारोळी पिकत असते, कुसुमाला तांबडी पालवी असते आणि थोड्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. घरोघरी ७० पानांचे पुडे बांधून ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, जातात. रान उघडं दिसतं तेव्हाच ते आम्हाला सगळ्यात जास्त देतं.

एका बाबतीत मात्र दोन्ही जंगलं सारखी आहेत. राणीखेतला समोरच्या डोंगरावर धूर दिसत होता; वाळलेल्या सुयांना, तिथल्या बोलीत पिरूलला, आग लागली होती. त्याच दिवसांत आमच्याकडेही वणवे असतात. चिडाची जाड साल मोठ्या झाडाला बऱ्याचदा वाचवते, रोपं मात्र जातात. आमच्याकडेही ऐन-बीजाची कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी आणि येत्या पावसाळ्यात माती होणारा पाचोळा जळतो. यातल्या कितीतरी आगी मोहाखालचा पाचोळा पेटवल्याने पसरतात. फुलं दिसावीत म्हणून जाळ लावायची गरज नाही. खराट्याने झाडाखालची जागा झाडून घ्या, जुनी लुगडी किंवा जाळी अंथरा. फूलही स्वच्छ मिळतं. पुढचा मोह गळायला लागेल तेव्हा आपल्या गावापुरतं तरी एवढं कराच.