चार हात पुढची वाट

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही बापलेक दोन मोटरसायकलींवरून इचलकरंजीहून श्रवणबेळगोळला निघालो. घरात ही कल्पना फारशी कुणाला रुचली नव्हती. दर्शनाला जायचे तर रेल्वे आहे, मोटार आहे, समाजाची बस आहे; डोक्यावर हेल्मेट घालून सहाशेच्या आसपास किलोमीटर वारा खात जाण्याचे प्रयोजन काय, असा अण्णांचा म्हणजे माझ्या वडिलांचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. मुलगा पुण्याहून सुटीवर आलेला होता आणि त्याच्याबरोबर दोन दिवस घालवण्याचा हा एकच मार्ग मला दिसत होता, हे काही मी अण्णांना बोलून दाखवले नाही.

निघताना अण्णांनी आपली जुनी वही पुढे केली. सुताच्या व्यापारासाठी ते कर्नाटकात फिरत, तेव्हापासूनची ही वही. लाल कापडी बांधणीच्या त्या पानांवर गावे, अंतरे, बसदी, धर्मशाळा, कोणत्या घरी शोधाचे जेवण मिळते, कोणत्या विहिरीचे पाणी गोड, असे सारे खतावणीसारखे नीट मांडलेले. मुलाने ती आदराने हाती घेतली, दोन पाने उलटली आणि म्हणाला, "अण्णा, आता हे सगळं फोनमध्ये असतं." अण्णा हसले आणि वही त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

फोनमध्ये काय असते ते त्याने आठवडाभर खपून दोन्ही गाड्यांवर बसवलेच होते. वेगाच्या काट्याशेजारी एक लहान गोल चकती. खिशातला फोन ब्लूटूथने तिच्याशी जोडला, की पुढचे वळण कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर हे बाणाने दिसते. हेल्मेटच्या आत कानांपाशी पापडासारखे पातळ ध्वनिवर्धक आणि ओठांपुढे बोंडाएवढा मायक्रोफोन. त्यातून वाटेच्या सूचना ऐकायच्या, गाणी ऐकायची आणि मागच्या गाडीवरच्या माणसाशी बोलायचेही. असल्या सोयी पूर्वी फक्त परदेशी, मोटारीच्या किमतीच्या दुचाक्यांना असत. होंडाच्या गोल्ड विंगवर २०१८ च्या आवृत्तीत फोन पडद्याशी जोडण्याची व्यवस्था आली, तेव्हा ती श्रीमंतांची हौस वाटली होती. २०२० साली रॉयल एनफील्डने मेटिऑरवर बाणाची चकती दिली आणि ही गोष्ट आपल्याकडच्या मध्यमवर्गीय स्वारापर्यंत पोचली. २०२३ च्या हिमालयनमध्ये तर त्या गोल पडद्यावर अख्खा नकाशाच उमटू लागला.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता या साधनाचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटला. पोचण्याची वेळ ते आधी सांगते. आपल्या घरांतून रात्रिभोजनत्याग पाळला जातो. अण्णा तर सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच ताट उचलतात. हिवाळ्यात त्या बाजूला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पूर्वी प्रवासात दुपारचे तीन वाजले की पोटात गोळा उठे. पुढचे गाव किती लांब, तिथे वेळेत पोचू की नाही, की इथेच थांबून घ्यावे, याचा हिशेब कुणालाच नीट लागत नसे आणि मग उपवास घडे. आता मी सकाळीच मुक्काम चित्रदुर्ग ठरवला आणि दिवसभर पोचण्याची वेळ व सूर्यास्ताची वेळ यांच्यातली शिल्लक पाहत राहिलो. चहाला जास्त थांबलो की शिल्लक घटे, रस्ता मोकळा मिळाला की वाढे. आणखी एक सोय ध्यानात आली. आपण कुठे आहोत हे फोन उपग्रहांकडून समजून घेतो, त्याला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घ्यायला आणि वाट चुकली तर नवी आखायला. म्हणून त्या त्या भागाचा नकाशा घरूनच फोनमध्ये साठवावा, असे मुलाने मला बजावले होते. मी तो चित्रदुर्गापर्यंतचा साठवला आणि पुढचा राहून गेला.

निपाणी ओलांडली की तवंदीच्या घाटात स्तवनिधी. बाण सरळ पुढे दाखवत होता; त्याच्या लेखी तिथे काहीच नव्हते. आपल्या लेखी मात्र ते पार्श्वनाथांचे क्षेत्र आहे, आणि १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली तीही याच ठिकाणी. गाड्या वळवल्या, दर्शन घेतले. बाण गोंधळला, पुन्हा महामार्गावर जा म्हणून दोन-तीनदा सांगत राहिला. बेळगावला त्याने आम्हांला शहराबाहेरून काढून वेळ वाचवला. त्या वाचलेल्या वेळेपायी किल्ल्यातली १२०४ सालची कमल बसदी मात्र राहिली. अण्णांच्या वहीत बेळगावच्या नावापुढे पहिला शब्द तोच आहे. हुबळीच्या पुढे वरूरला नवग्रह तीर्थाची ६१ फूट उंच पार्श्वनाथ मूर्ती महामार्गावरूनच दिसते, त्यामुळे तिथे कुणाच्या सांगण्याची गरज पडली नाही. झाडाखाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरून गाळून आणलेले पाणी असे जेवण झाले. चित्रदुर्गाला पोचलो तेव्हा सूर्यास्ताला दीड तासावर वेळ होता.

वाटेतल्या संगीताविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे. हेल्मेटमध्ये गाणे ऐकण्यात एक वेगळीच मोहिनी आहे. आवाज बाहेरून येत नाही, मस्तकाच्या आतच उमटल्यासारखा वाटतो. समोर कापणी झालेली काळी राने, दूर पवनचक्क्यांच्या रांगा, आणि कानात सूर. मुलाच्या कानात चित्रपटातली गाणी चालली होती. मी इंटरकॉमवर त्याला म्हटले, "अरे, अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती नावाचा एक प्रकार आहे." तो म्हणाला, "बाबा, प्रमादचर्याही आहे. आरशात बघा, मागून ट्रक येतोय." पाठशाळेचे शिक्षण वाया गेले नाही म्हणून मला बरे वाटले. मी स्वतः भक्तामर स्तोत्र लावले होते, त्यामुळे माझी बाजू भक्कम आहे अशी माझी समजूत होती. वेग वाढला की हेल्मेटभोवती वाऱ्याचा घोंघाट वाढतो, घोंघाट वाढला की आपण आवाज चढवतो, आणि वेग उतरल्यावर तो कमी करायचे भान राहत नाही. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरियूरला महामार्ग सोडून आम्ही हुळियारच्या रस्त्याला लागलो. इथून पुढचा मुलूख निराळा. चारपदरी रस्ता संपतो, लाल माती सुरू होते आणि चिक्कनायकनहळ्ळीच्या बाजूला तर दोन्ही हातांना नारळीच्या बागाच बागा. एका गावात बाजारासाठी रस्ता अडवलेला होता. लोकांनी दाखवलेल्या आडवाटेने गेलो आणि तिथेच बाण थिजला. नेटवर्क नव्हते आणि नकाशा साठवलेला नव्हता. पाच-सहा किलोमीटरनंतर नेटवर्क आले आणि चकती एकदम जागी झाली. ३०० मीटरवर डावीकडे, नाही, सरळ, नाही, मागे फिरा. कानात सूचनेसाठी स्तोत्र क्षणभर थांबे, पुन्हा सुरू होई. मी मान खाली घालून त्या बाणाचा अर्थ लावू लागलो. वेग साठाचा होता. साठच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी तेहेतीस मीटर पुढे जाते, हा हिशेब मी नंतर केला.

"बाबा, ब्रेक! माणसं!"

मुलाचा आवाज कानात फुटला. मान वर केली तो वळणावर, रस्त्याच्या कडेने, पिच्छी-कमंडलू घेतलेले एक मुनिमहाराज आणि त्यांच्यामागून दोन श्रावक चालले होते. मागच्या श्रावकाने हातातला लाल रुमाल वर केलेला. दोन्ही ब्रेक दाबले, मागचे चाक खडीवर घसरले, गाडी तिरपी होऊन थांबली. त्या श्रावकात आणि माझ्या पुढच्या चाकात पाच-सहा हातांचे अंतर उरले असेल.

महाराज थांबले. त्यांनी वळून पाहिले, पिच्छी किंचित उचलली, आणि पुन्हा पुढच्या भूमीकडे दृष्टी लावून चालू लागले. ईर्यासमिती आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली आहे: दिवसाच्या उजेडात, रुळलेल्या वाटेने, चार हात पुढची जमीन पाहत चालावे. शब्द पाठ होते. त्यांचा अर्थ इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता.

रुमालवाले श्रावक माझ्याकडे आले. आधी कन्नडमध्ये काही बोलले, मग गाडीचा क्रमांक पाहून मराठीत म्हणाले, "केव्हाचा आवाज देतोय. ऐकू आलं नाही?" मी हेल्मेट काढून टाकीवर ठेवले. माझे हात कापत होते, त्यामुळे गाणे बंद करायचे बटण सापडेना. हेल्मेटमधून बारीक आवाजात स्तोत्र चालूच होते. त्यांनी ते ऐकले. हेल्मेटकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग "कुठले?" एवढेच विचारले. मी सांगितले. "म्हणजे आपलेच की," असे म्हणून जय जिनेंद्र केला आणि महाराजांना गाठायला ते झपाझप निघून गेले.

विहारातल्या साधू-साध्वींना वाहनांनी उडवल्याच्या बातम्या आपल्या मासिकांतून, समाजाच्या गटांतून येत असतात. आपण हळहळतो आणि तो अज्ञात ट्रकचालक कसा असेल याचे चित्र मनात रंगवतो. नशेत असेल, झोपेत असेल. भक्तामर ऐकणारा असेल असे माझ्या मनात कधी आले नव्हते. आणि हेही नोंदवले पाहिजे, की ज्या यंत्राने माझे डोळे आणि कान घेतले होते, त्याच यंत्रातून मुलाची हाक माझ्यापर्यंत पोचली. नुसत्या गळ्याच्या हाकेने ती पोचली नसती.

पुढचा रस्ता आम्ही पन्नासच्या आत कापला, कानात काही न लावता. चन्नरायपट्टणच्या अलीकडे एका म्हाताऱ्या नारळवाल्याने हाताने दिशा दाखवली, ती पुरली. विंध्यगिरीच्या कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढताना प्रत्येक पावलाकडे पाहावेच लागते. वर ५७ फुटांचे भगवान बाहुबली उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत. पायांवर, दंडांवर वेली चढलेल्या. चरणांपाशी चावुंडरायाचे आणि गंगराजाचे नाव सांगणारा शिलालेख मराठीत आहे, हे मुलाला ठाऊक नव्हते. तो खाली बसून अक्षरे लावत राहिला. फोन त्याच्या खिशातच होता. समोरच्या चंद्रगिरीकडे बोट करून मी त्याला सांगितले, की दुष्काळाच्या काळी भद्रबाहू स्वामी उज्जैनकडून संघासह चालत इथवर आले, अशी परंपरा आहे. "नकाशा कसला होता?" त्याने विचारले. मग स्वतःच म्हणाला, "वाटेत विचारत आले असतील."

परतण्यापूर्वी धर्मशाळेच्या अंगणात त्याने दोन्ही गाड्यांची मांडणी बदलली. करू इच्छिणाऱ्यांसाठी ती इथे देतो. चकतीवरचा बाण राहू दिला, पण तो पाहायचा गाडी उभी करून. चालताना फक्त आवाजाची सूचना, तीही मराठीत आणि एकाच कानात. संगीत पूर्ण बंद. इंटरकॉम चालू, कारण मागच्याचे डोळे पुढच्याच्या उपयोगी पडतात. दोन्ही दिवसांच्या वाटेचा नकाशा आदल्या रात्री साठवलेला. फोन हँडलवर उघडा लावायचा नाही. एक तर मोटरसायकलच्या कंपनांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असे अ‍ॅपलनेच २०२१ साली जाहीर केले आहे. लावायचाच तर कंपन शोषणाऱ्या बैठकीवर लावावा. दुसरे, ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार चालकाला फोन वापरता येतो तो केवळ वाट पाहण्यासाठी, तोही एकाग्रता ढळू न देता. हे मी वाचून होतो. वाचून असणे आणि वळणावर मान वर असणे यांतले अंतर मला पाच-सहा हातांनी कळले.

घरी पोचल्यावर अण्णांना सगळे सांगितले, काही न लपवता. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वही उघडून हुळियारच्या पुढची वाट त्यांनी लिहायला घेतली. मुलगा फोनमधून गावे आणि अंतरे सांगत होता, कुठल्या मिनिटाला आम्ही कुठे थांबलो तेही त्यात उमटलेले होते. त्या वळणाशी आल्यावर अण्णांनी लेखणी थांबवली आणि विचारले, "महाराज कोणत्या संघाचे? त्या दिवशी आहार कुठे झाला त्यांचा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. विचारायचे दोघांनाही सुचले नव्हते. अण्णांनी तेवढ्यापुरती एक ओळ कोरी सोडली आणि पुढचे गाव विचारले.