चार वाजता, दीड मीटर

नेरूळ, रविवार रात्र

प्रिय दादा,

पत्र फोन वाचून दाखवेल, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहितेय.

सकाळी पार्किंगमध्ये सुतळी ताणली, तू पायाने चाचपून दिशा घेतलीस आणि पहिला बॉल थेट कुंडीवर गेला. मी म्हणाले, ‘जरा उजवीकडे.’ तू चिडलास. बरोबरच होतं तुझं. ‘जरा’ म्हणजे किती, हे न दिसणाऱ्याने कसं ओळखायचं?

लॉन बाऊल्समध्ये याला नेमकी भाषा आहे. जॅक, म्हणजे तो छोटा बॉल, घड्याळाच्या मध्यावर धरायचा. बारा म्हणजे त्याच्या पलीकडे, सहा म्हणजे अलीकडे. ‘चार वाजता, दीड मीटर’ म्हटलं की तुला कळलं: उजवीकडे गेलाय, थोडा कमी पडलाय. तिसरा बॉल ‘सहा वाजता, एक वीत’ आला तेव्हा तुझे खांदे सैल पडलेले मी पाहिले. डोळे गेल्यापासून तुला असं पाहिलं नव्हतं.

हे सांगणाऱ्याला डायरेक्टर म्हणतात. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, जिथे आपल्या लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की यांनी सुवर्ण जिंकलं, तिथेच स्कॉटलंडच्या मेलनी इनेस आणि रॉबर्ट बार या दृष्टिबाधित जोडीनेही जिंकलं. त्यांच्या डायरेक्टरांपैकी जॉर्ज मिलर 75 वर्षांचे होते. सुवर्णपदक त्यांनाही मिळालं! म्हणजे सांगणाऱ्याचं काम मदतीचं नाही, खेळाचंच आहे.

तुझ्या व्यायामाच्या गटातल्या व्हीलचेअरवाल्या काकांचं मात्र वेगळं. हिरवळीच्या कडेला चर असतो, त्यावर फळी हवी. चाकं रुंद हवीत, नाहीतर गवतात खळगे पडतात. त्यांनी खेळता येईल का असं विचारलं तेव्हा एका ठिकाणी ‘मैदान खराब होईल’ एवढंच ऐकवलं गेलं. फळीचं आणि चाकाचं कुणी विचारलंच नाही, याचा मला अजून राग येतो.

ज्यांचा हात फार चालत नसेल, त्यांच्यासाठी बोकिया आहे. 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मऊ चेंडू, साधारण 275 ग्रॅम. फेकता येत नसेल तर उतरत्या पन्हाळीवरून सोडायचा. कोर्ट 12.5 बाय 6 मीटर, आणि बॅडमिंटनचं कोर्ट त्याहून जरासं मोठंच असतं. आपल्याकडे बॅडमिंटनचे हॉल काही कमी नाहीत, आणि पावसाळ्याचे चार महिने आतच खेळावं लागणार.

म्हणून पालिकेकडे अर्ज लिहितेय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला सांगतं, तेच वर घातलंय. वाशीच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रातही विचारायचं आहे. मसुदा तू ऐकून घे. ‘जरा’, ‘थोडं’ असं काही राहिलं असेल तर खोड.

येत्या रविवारी सातला ये. वहिनीला मोजपट्टी आणायला सांग, आज मी अंदाजानेच बोलत होते.

तुझी,
छोटी