परदेशी बिऱ्हाड आणि परदेशी मोटार

परदेशगमनाची वर्णने लिहिणारे लेखक बहुधा देवळे, राजवाडे, पर्वत आणि पक्वान्ने यांविषयी लिहितात, आणि घरी बसून वाचणारांचे मनोरंजन त्याने उत्तम होते, यात शंका नाही. परंतु पंधरा दिवसांचा प्रवासी होणे निराळे आणि परक्या गावी बिऱ्हाड थाटून राहणे निराळे. प्रवाशाला देश दिसतो तो त्याच्या शोभेच्या बाजूने. बिऱ्हाडकरूला तोच देश कचेरीच्या खिडकीतूनही पाहावा लागतो. मेक्सिको देशातील आमच्या सुमारे चार वर्षांच्या वास्तव्यात ही दुसरी बाजू आम्हांस जवळून पाहावयास मिळाली. हल्ली आपल्यातील पुष्कळ कुटुंबांतील मुलगे, मुली, सुना व जावई परदेशी बिऱ्हाडे करून आहेत. तेव्हा ही हकीकत वाचकांस अगदीच परकी वाटणार नाही, अशी आशा आहे.

आम्ही मूळचे पुण्याचे. परंतु गेली पंचवीस वर्षे टेक्सास संस्थानात राहिलो आणि अमेरिकेचे नागरिकत्वही पतकरले. नोकरीतून मोकळे झाल्यावर शरीरास मानवेल अशा हवेत काही वर्षे राहावे म्हणून आम्ही सान मिगेल दे आयेंदे या गावाची निवड केली. हे गाव जवळजवळ आपल्या अमरावतीच्याच अक्षांशावर वसलेले आहे. पण अमरावतीचा उन्हाळा मात्र येथे नाही. कारण गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1900 मीटर आहे. दगडी फरसबंदीच्या चढउताराच्या गल्ल्या, गेरू व हळदीच्या रंगांच्या भिंती, आणि मध्यभागी गुलाबी दगडाचे, अनेक सुळक्यांचे मोठे देऊळ, असे त्याचे रूप आहे. 2008 साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे निवृत्त सैनिक सरकारी शिष्यवृत्तीवर येथे चित्रकला शिकावयास आले. तेव्हापासून परदेशी लोकांचे बिऱ्हाड हे या गावास नवल राहिलेले नाही.

मोटार बरोबर नेण्याचे आम्ही ठरविले आणि लारेडो शहराच्या वायव्येस असलेल्या कोलंबिया नावाच्या पुलावरून नदी ओलांडली. या नदीस उत्तरतीरी रिओ ग्रांदे म्हणतात आणि दक्षिणतीरी रिओ ब्राव्हो. नाव बदलते त्याबरोबर कायदाही बदलतो. अमेरिकेतील मोटारविमा पैलतीरी चालत नाही. मेक्सिकोचा निराळा उतरवावा लागतो. सरहद्दीलगतच्या वीस-तीस किलोमीटरांच्या पट्ट्यात परदेशी मोटार परवान्यावाचून फिरू शकते. बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातही तशीच मोकळीक आहे. परंतु देशाच्या आतल्या भागात जावयाचे तर मोटारीस ‘तात्पुरत्या आयातीचा’ परवाना पाहिजे.

हा परवाना देण्याचे काम तेथे एका पेढीकडे आहे, आणि ती पेढी लष्कराची! ‘बानहेर्सितो’ हे तिचे संक्षिप्त नाव. पासपोर्ट, व्हिसा आणि मोटारीच्या मालकीचे कागद पाहिल्यावर शुल्क घेतात, आणि त्याशिवाय अनामत ठेवून घेतात. 2007 सालची अथवा त्यापुढची मोटार असल्यास 400 डॉलर, 2001 ते 2006 मधील असल्यास 300, आणि त्याहून जुनी असल्यास 200. मोटार देशाबाहेर नेऊन परवाना रीतसर रद्द केला की अनामत परत मिळते. मग एक चकचकीत चिठ्ठी देतात, ती समोरच्या काचेस आतून चिकटवावयाची. मुंजीतल्या बटूला जसे जानवे, तशी आमच्या मोटारीस ती चिठ्ठी मिळाली आणि ती मेक्सिकोच्या रस्त्यांवर फिरण्यास पात्र झाली.

तेथून मोंतेरे, साल्तियो आणि मातेवाला या मार्गाने आम्ही दक्षिणेस निघालो. उजाड पठार, दूरवर निळसर डोंगरांच्या रांगा आणि मधूनमधून युक्काची हात वर केलेल्या माणसासारखी दिसणारी झाडे! मातेवालाच्या पुढे कर्कवृत्त लागते. हेच वृत्त आपल्याकडे मध्यप्रदेशातून जाते, हे आठवून आमच्या सौभाग्यवतींनी मोटार थांबवावयास लावली आणि बरोबरच्या डब्यातील गूळपोळी तेथेच सोडली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मेक्सिकोत सहलीसाठी येणारास फार तर 180 दिवस राहता येते. त्याहून अधिक राहावयाचे तर देशाबाहेरील मेक्सिकन वकिलातीत उत्पन्नाचे किंवा शिलकेचे पुरावे दाखवून व्हिसा मिळवावा लागतो. तो घेऊन देशात शिरले की 30 दिवसांच्या आत परदेशीयांच्या कचेरीत जाऊन त्याच्या बदली ‘तात्पुरत्या रहिवाशाचे’ कार्ड मागावयाचे. ते प्रथम एक वर्षाचे असते. पुढे नूतनीकरण करीत एकंदर चार वर्षे राहता येते, आणि नंतर कायम रहिवाशाचे कार्ड मिळू शकते.

मोटारीच्या परवान्यास स्वतःचे आयुष्य नाही. तो मालकाच्या परवान्यावर बांडगुळासारखा जगतो. मालकाचा मुक्काम जितका, तितकाच मोटारीचा. आम्ही 30 दिवसांच्या मुदतीवर आत आलो, म्हणून मोटारीचा परवानाही 30 दिवसांचाच निघाला. आमचे कार्ड हाती आले म्हणून मोटारीची मुदत आपोआप वाढली असे समजून चालत नाही. नवीन कार्डाची नक्कल जोडून जकात खात्यास आपण होऊन कळवावे लागते. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तेच. मौज अशी की काचेवरील चिठ्ठीत तारीख जुनीच राहते. म्हणून खात्याचा शिक्का असलेला कागद मोटारीत सदैव बाळगावा लागतो. आमच्या घरी देवघरातील समईच्या तेलाइतकीच या कागदाची काळजी घेतली जाते.

मोटार कोणी चालवावी यासही नियम आहे. मालक, त्याची पत्नी, आईबाप, मुले व भावंडे यांनी चालविण्यास हरकत नाही. या यादीत आमच्या एकत्र कुटुंबाची व्याख्या बहुतेक पुरी बसली, हे पाहून आम्हांस समाधान वाटले. परंतु मेक्सिकोच्या नागरिकाने ती चालवावयाची तर मालक शेजारी बसलेला पाहिजे. एकदा आम्हांस ताप आला असता शेजारच्या घरचा तरुण औषध आणून देतो म्हणाला आणि किल्ली मागू लागला. त्याच्या आईनेच त्याला थांबविले आणि पायी धाडले. नियमाचे हे ज्ञान आमच्यापेक्षा त्या माउलीस अधिक मुरलेले होते.

एवढी कडक शिस्त कशासाठी, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर सान मिगेलहून थोड्या अंतरावर पाहावयास मिळते. सेलाया येथे होंडाचा, सालामांका येथे माझ्दाचा आणि सिलाओ येथे जनरल मोटर्सचा मोठा कारखाना आहे; हे सर्व याच ग्वानाख्वातो प्रांतात. 1962 साली सरकारने हुकूम काढून देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत देशी बनावटीचा भाग ठराविक प्रमाणात असलाच पाहिजे असे ठरविले. पुढे अनेक धोरणे पालटली. पण आज हा देश जगातील प्रमुख मोटार-उत्पादकांत गणला जातो. उत्तरेकडील श्रीमंत शेजाऱ्याच्या अंगणातून निघालेल्या जुन्या मोटारी निर्बंधावाचून आत आल्या, तर या कारखान्यांची आणि त्यांत राबणाऱ्या कुटुंबांची काय दशा होईल, हे सांगावयास नको. पाहुण्याने आपले वाहन आणावे, त्यात सुखाने फिरावे, पण जाताना ते घेऊन जावे, एवढेच यजमानाचे म्हणणे आहे.

तरीही नियम मोडून आलेल्या मोटारी येथे थोड्या नाहीत. लोक त्यांस गमतीने ‘चॉकलेट’ म्हणतात. 2022 साली सरकारने 2500 पेसो भरून अशा कित्येक जुन्या मोटारी कायदेशीर करून घेण्याची सवलत दिली आणि तो पैसा रस्त्यांच्या डागडुजीकडे लावला. यामुळे आमच्या ओळखीच्या काही परदेशी मंडळींस धीर आला. आज ना उद्या माफी मिळेलच, मग परवान्याची कटकट कशाला, असे ते उघड बोलत. आम्हांस हा विचार पटला नाही. यजमान दयाळू आहे म्हणून त्याच्या घरचा दंडक पाळू नये, हा कोठला न्याय?

आणि येथेच त्या कायद्यातील खरा पेच पुढे येतो. तात्पुरत्या रहिवाशास परदेशी मोटार ठेवता येते. कायम रहिवाशास येत नाही! माणूस देशाचा जसजसा अधिक आपला होत जातो, तसतशी त्याची मोटार परकी ठरते. कायमचे कार्ड घेतले की ती बाहेर न्यावी, किंवा जकात दलालामार्फत रीतसर आयात करावी. पण आयातीच्या साध्या वाटेने जाते ती बहुधा उत्तर अमेरिकेत बनलेलीच मोटार. ते ओळखण्याची खूण मोटारीच्या सांगाड्यावरील क्रमांकात असते. आरंभी 1, 4 किंवा 5 असल्यास ती अमेरिकेत, 2 असल्यास कॅनडात आणि 3 असल्यास मेक्सिकोत तयार झालेली. आमच्या मोटारीचा क्रमांक ‘जे’ या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ती जपानची.

आमच्या गल्लीत एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ राहतात. त्यांची पत्नी येथेच वारली आणि येथल्याच मातीत विसावली. त्यांची मोटार फार जुनी होती. दोघांनी मिळून घेतलेली आणि दोघांनी मिळून या गावी आणलेली. चार वर्षे भरली तेव्हा पत्नीच्या समाधीजवळ राहावे म्हणून त्यांनी कायमचे कार्ड मागण्याचे ठरविले. कोणी त्यांस म्हणाले, तुमची मोटार कोण तपासतो आहे? ठेवा दारात झाकून. त्यांनी ते मानले नाही. कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी सुमारे साडेआठशे किलोमीटर एकट्याने मोटार हाकीत ते सरहद्दीवर गेले, पेढीच्या खिडकीत काचेवरील चिठ्ठी देऊन परवाना रद्द करविला, पलीकडे मोटार विकली आणि रात्रीच्या बसने परत आले. आम्ही त्यांस भेटावयास गेलो तेव्हा ते अंगणात बसून होते. “तिला या देशाने आसरा दिला,” ते शांतपणे म्हणाले, “मग मी या देशाला फसवून तिच्याजवळ कसा राहू?” यावर आमच्या तोंडून शब्द निघेना.

कागदांचे महत्त्व परदेशीयांनाच कळते असे नाही. मूळचे वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी याच देशात आसरा घेऊन चापिंगो येथील शेतकी विद्यालयात अध्यापन केले आणि मक्याच्या सुधारणेसाठी मोठे काम केले. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांस चितारले आहे. परंतु भारत स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा इंग्रजी अमदानीतील काळ्या यादीत नाव असल्यामुळे ती आरंभी नाकारली गेली. पुढे ती मिळाली आणि त्यांनी अखेरची वर्षे नागपुरात घालविली; तेथेच 1967 साली ते निवर्तले. 2022 साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. परक्या देशाने ज्याला उराशी धरले, त्यालाच जन्मभूमीच्या दाराशी तिष्ठावे लागले, हे आठवले की आमची काचेवरील चिठ्ठी आम्हांस फारच क्षुल्लक वाटू लागते. आम्हांसही आता पुण्यास यावयाचे तर परदेशी नागरिक म्हणून कार्ड दाखवावे लागते. ज्या वाड्यात नाळ पुरली, तेथे जाण्यास कागद लागावा, हे मनास लागते खरे. पण ती आमच्याच निवडीची किंमत आहे.

येत्या काही महिन्यांत आमचीही चार वर्षे पुरी होतील. बराच खल करून आम्ही कायमचे कार्ड मागण्याचे ठरविले आहे. आमची मोटार त्यापूर्वी टेक्सासला जाईल, अनामतीचे 400 डॉलर परत येतील, आणि येथे सेलायाच्या कारखान्यातील एखादी मोटार घेण्याचा विचार आहे. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत त्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, पत्रातून अथवा फोनवरून पगार, घर आणि हवापाणी यांची चौकशी करताना, “तुमचे कागद वेळेवर आहेत ना?” असेही आवर्जून विचारावे. वडिलधाऱ्यांच्या तोंडून आलेला हा प्रश्न मुलांच्या सहसा विस्मरणात जात नाही.