गाडीचे दप्तर

पुण्यातील एखाद्या हौशी तरुणाने मोठ्या उमेदीने विकत घेतलेली, लडाखच्या नाहीतर स्पितीच्या एका दीर्घ प्रवासात आपले नवेपण खर्ची घातलेली, आणि पुढे नोकरी, विवाह व चारचाकी या क्रमाने पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल जेव्हा विकावयास निघते, तेव्हा तिला गिऱ्हाईक पुष्कळदा आमच्या शिरूर-दौंड भागात मिळते. मला ही गोष्ट उचितच वाटते. ज्या गुणांसाठी ती घडविलेली असते त्या गुणांचा शहरात रोज फारसा उपयोग नाही, आणि आमच्याकडे आहे. घोडच्या व चासकमानच्या कालव्यांच्या भरावावरील मुरमाड वाटा, गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांखाली खचलेले डांबर, पावसाच्या चार सरी पडताच टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसणारी काळी माती, या सर्वांतून डेअरीवर दूध घालावयास किंवा रात्री-अपरात्री विहिरीवरची मोटार चालू करावयास जाणाऱ्या माणसाला उंच बांध्याची, लांब खेळीच्या शॉकअपची आणि पुढे मोठे चाक असलेली गाडी सोय म्हणून हवी असते. तिच्यात चैनीचा प्रश्न येत नाही.

घोडनदीत, म्हणजे शिरूर गावात, माझे गॅरेज आहे, आणि तसलीच एक जुनी गाडी कित्येक वर्षे माझ्या स्वतःच्या वापरातही आहे. तिच्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण मला जे सांगावयाचे आहे ते कोणत्याही एका कंपनीच्या गाडीविषयी नसून या सबंध जातीच्या गाडीविषयी, आणि त्याहूनही अधिक, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा काय जाते आणि काय मागे राहते याविषयी आहे.

ही जात तशी अलीकडची. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर-८० जी/एस नावाची, रस्ता आणि आडरान दोन्हीकडे चालणारी मोठी गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी पॅरिस-डकारची वाळवंटी शर्यत तिने जिंकली, तेव्हापासून जगात हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे २०११ साली हिरोची इम्पल्स आली आणि काही वर्षांतच बंद झाली; खरी मागणी निर्माण केली ती २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या ४११ घनसेंटिमीटरच्या हिमालयनने. त्यानंतर २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स आणि २०२० मध्ये केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, जी आमच्याच जिल्ह्यात चाकणला तयार होते, अशा क्रमाने हा बाजार भरत गेला. म्हणजे ज्या गाड्या तेव्हा नव्या होत्या त्या आज दुसऱ्या-तिसऱ्या धन्याकडे जाण्याच्या वयाला पोहोचल्या आहेत, आणि माझ्या दारात उभ्या राहतात त्या बहुतांशी याच.

यांच्या त्रासाचे मूळ त्यांच्या सद्गुणात आहे. साधी शंभर सीसीची गाडी दगडावर आपटली की चिमटा वाकतो, हँडल एका बाजूला ओढू लागते, आणि धन्याला त्याच दिवशी मिस्त्रीकडे यावे लागते. ही गाडी आघात सोसण्यासाठीच बांधलेली असल्यामुळे तोच दणका निमूटपणे गिळते आणि पुढे चालू लागते. मात्र त्या दणक्याचा हिशेब तिच्या बेअरिंगांत, बुशांत आणि जोडांत कोठेतरी जमा होत असतो. असे हजार दणके जमले की मग एके दिवशी सारेच एकदम वसुलीला येते, आणि तोवर धनी बदललेला असतो.

घोडा विकत घेण्यात आणि ही गाडी विकत घेण्यात मला फार जवळचे साम्य दिसते, आणि ते दिसावयास या प्रांतासारखी दुसरी जागा नाही. भीमेच्या थडीवर निपजलेल्या तट्टांवर मराठी फौजांनी दूरदूरचे मुलूख तुडविले. शिरूरला पुढे इंग्रजांची छावणी पडली आणि १८१७ साली उभारलेल्या पूना हॉर्स या रिसाल्याचा येथे दीर्घकाळ मुक्काम होता. तालुक्यातील आलेगाव पागा हे गाव तर पागेचे नाव आजही वागवीत आहे. त्या काळच्या लष्करी कारभारात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, आणि बारगिराला घोडा सरकारातून मिळे. घोडा मेला किंवा लंगडा झाला तर शिलेदाराचे नुकसान शिलेदाराच्याच माथी. म्हणूनच घोड्याची पारख ही त्याच्या उपजीविकेची विद्या होती. मोगल अमलात अकबराने घोड्याला दाग देण्याची आणि शिपायाची चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची पद्धत सक्तीची केली, ती हजेरीच्या वेळी चांगल्या घोड्याच्या जागी मरतुकडा घोडा उभा करता येऊ नये यासाठी. आजच्या गाडीचा दाग म्हणजे तिच्या सांगाड्यावर ठोकलेला चासी नंबर. परंतु तो गाडी कोणती एवढेच सांगतो, तिने काय सोसले ते सांगत नाही. ते ज्याचे त्याने शोधावयाचे.

शोधण्याची रीत अशी की जे पुसता आणि रंगवता येते ते पाहूच नये. मीटरचा आकडा मागे घेता येतो. पण ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजून पाहिली की आकड्याची रुजवात आपोआप होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२० च्या गाडीवर, मीटरला जेमतेम आठ हजार किलोमीटर असताना, १४२३ असे छापलेले टायर असतील तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. स्पोकांवर लहान पान्याने एकेक हलकी टिचकी मारीत चाक फिरवावे. ताणलेला स्पोक स्वच्छ वाजतो, सैल झालेला बद्द वाजतो.

सर्वांत बोलका असतो तो हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, आणि त्याच्याकडेच कोणी पाहत नाही. इंजिनाखाली टेकू देऊन पुढचे चाक जमिनीपासून चार बोटे उचलावे, आणि हँडल दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अतिशय सावकाश फिरवावे. कोनसेट चांगला असेल तर ते एकसारखे फिरते. खराब असेल तर नेमके मधोमध, चाक सरळ समोर रोखलेले असताना, बोटांना एक बारीक अटकाव जाणवतो, जणू हँडलने ती जागा पकडून ठेवली आहे. कारण सरळ आहे: गाडी आपल्या आयुष्यातला बहुतेक काळ नाकासमोर चालते, म्हणून खड्ड्याचा प्रत्येक आघात वाटीच्या त्याच त्या जागेवर येतो, आणि शेवटी पोलादात ठसे उमटतात. त्यात दर आठवड्याला प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली असेल तर ग्रीस कधीच निघून गेलेले असते आणि त्याच्या जागी तांबूस गंजाचा चिखल सापडतो. अशी गाडी रस्त्यावर सूक्ष्मपणे नागमोडी चालते. स्वाराला वाटते टायर खराब आहे, तो टायर बदलतो, मग चाकाचा आउट काढून घेतो, आणि दोष तसाच राहतो.

हा कोनसेट बसविण्याचे काम मला अजूनही मनापासून आवडते. जुन्या वाट्या नळीतून ठोकून काढाव्या लागतात. ठोके एका बाजूला पडले तर नळीचे तोंड बिघडते, म्हणून समोरासमोर आलटून पालटून, धीराने ठोकावे. नव्या वाट्या चौकट धरून सरळ बसवाव्या, ग्रीस हातांनी दाबून भरावे, मग नट प्रथम घट्ट करून हँडल अनेकवार या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवावे म्हणजे गोळ्या आपापल्या जागी बसतात, नंतर नट सोडून पुन्हा थोडा आवळावा. किती आवळावा ते पुस्तकात आकड्याने दिलेले आहे आणि तो आकडा पाळावाच. पण अखेरची परीक्षा हातच करतो. हलक्या धक्क्याने हँडल स्वतःच्या वजनाने कडेला उतरले पाहिजे, आणि खालून फोर्क धरून पुढे-मागे ओढला तर किंचितही खटका लागता कामा नये. या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या होतात ती जागा फार लहान असते. पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात, मी फॅब्रिकेशनचे काम शिकलो. हातांना विचार करू द्यावा ही सवय मला तेथून लागली.

विजेच्या तारांविषयी थोडक्यात लिहिणे कठीण आहे, कारण मनस्ताप सर्वाधिक तेथेच होतो. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी पहिल्या धन्याने जादा दिवे, मोबाइलचा चार्जर, मोठा हॉर्न असे काहीबाही बसविलेले असते आणि विकताना ते काढून घेतलेले असते. राहतात ते मूळ तारा सोलून, पिळून, वरून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. पाणी त्यांत शिरते, तांबे हिरवे पडते, आणि मग ऐन श्रावणात न्हावरे-चौफुला रस्त्यावर गाडी विनाकारण बंद पडते, दहा मिनिटांनी विनाकारण चालूही होते. माझ्या स्वतःच्या गाडीतला असा एक जोड टाकीखाली, हार्नेसच्या वळणात दडलेला होता. तो सापडेपर्यंत बॅटरी नवी घालून झाली होती आणि चार्जिंगचे आरआर युनिटही बदलून झाले होते. पुण्यात नाना पेठेत सर्वसाधारण गाड्यांचे सर्व काही मिळते; या गाड्यांचा सुटा भाग पुष्कळदा मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत गाडी लिफ्टवर उभी राहते. ज्याचे दूध रोज सकाळी निघते त्याला तो काळ फार जड जातो.

मध्यंतरी न्हावऱ्याकडचे एक वयस्क शेतकरी, नाना, आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाने पुण्यात एक गाडी पसंत केली होती आणि विकणारा ती दाखवावयास बरोबर आला होता.

“मिस्त्री, तुम्ही सांगाल तसं. पोरगं म्हणतंय गाडी एकदम कडक हाये.”

“सिंगल ओनर आहे, शोरूम मेंटेन्ड,” विकणारा म्हणाला. “काही काम निघणार नाही.”

मी विचारले, “कामाची बिलं आहेत का, दादा?”

बिले नव्हती. तो माणूस खोटा नव्हता. सर्व्हिसिंग झाले असेल, पण कधी झाले, कोणते ऑइल पडले, टॅपेट कधी पाहिले, ब्रेकचे ऑइल कोणत्या साली बदलले, यांपैकी काहीही त्याला सांगता येईना. मी नानांना इतकेच म्हणालो, “नाना, गाडी वाईट नाही. पण जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरून पैसे बोला.” आम्ही तिघांनी बसून कामांची यादी केली: कोनसेट, चेन-स्प्रॉकेट, दोन्ही ब्रेकचे ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, फोर्कचे सील, मागच्या लिंकेजची बेअरिंगे. खर्चाचा अंदाज मांडला, तेवढी रक्कम किमतीतून वजा झाली, आणि विकणाऱ्यानेही ती बिनतक्रार मान्य केली. व्यवहार असाच व्हावा.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मला कठोर व्हावे लागते. शिरूरच्या रस्त्यावर एमएच-१२, १४, १६ आणि ४२ अशा चारही पाट्यांच्या गाड्या दिसतात, कारण घोड ओलांडली की जिल्हा बदलतो. आणि नोंद दुसऱ्या कार्यालयात आहे या सबबीखाली नाव बदलण्याची दिरंगाई वर्षानुवर्षे चालते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म त्यासाठीच आहेत, आणि कर्जाचा बोजा असेल तर तो उतरविण्यासाठी ३५ क्रमांकाचा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, परंतु दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले होते; अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या दप्तरी मालकावरच ठेवली. हे मी प्रत्येक विकणाऱ्याला सांगतो, घेणाऱ्याला तर सांगतोच.

सरकारी दप्तरात धन्याचे नाव राहते, बोजा राहतो. गाडीला काय काय झाले आणि काय काय केले, याचे दप्तर कोठेच नसते. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि तिची समग्र तपासणी होते ती त्यानंतर, नूतनीकरणाच्या वेळी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते, त्या वेळी मीटरचा आकडा आणि सापडलेले दोष नोंदले जातात, आणि पुढे गाडीचा नंबर घालून ते कोणालाही पाहता येतात. आपल्याकडे अशी व्यवस्था यावी असे मला फार वाटते. ती येईपर्यंत प्रत्येक धन्याने शंभर पानी वही घालावी, एवढे तर कोणाच्याही हुकमाशिवाय करता येण्यासारखे आहे.

माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक गाडीची वही मी स्वतः घालून देतो. पहिल्या पानावर चासी व इंजिन नंबर, टायरांचे आकडे, डिस्कची त्या दिवशी मोजलेली जाडी. पुढे तारीख, मीटर, केलेले काम, घातलेला भाग, आणि काढलेल्या भागाची अवस्था. हा शेवटचा रकाना बहुतेकांना अनावश्यक वाटतो, पण माझ्या मते खरी किंमत त्यालाच आहे. ‘वायसर बदलला’ यापेक्षा ‘वायसर बदलला, जुना फक्त एका बाजूने झिजलेला’ या नोंदीवरून दोन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी मिस्त्रीलाही कळते की पत्रा कोठेतरी वाकलेला आहे. गाडी विकताना ही वही आरसीबरोबर द्यावी, असे मी प्रत्येकाकडून वदवून घेतो. गेल्या वर्षी माझ्या वहीची एक गाडी दौंडला विकली गेली. नव्या धन्याने वही पाहून किंमत फारशी पाडली नाही, आणि कुरकुंभच्या ज्या मिस्त्रीकडे ती आता जाते त्याने माझ्या शेवटच्या नोंदीखालीच आपली पहिली नोंद केली आहे.

नानांच्या मुलाच्या गाडीचे कोनसेट, सील आणि ब्रेक उरकले. लिंकेजची बेअरिंगे अद्याप यावयाची आहेत. ती आली की मागचा भाग उतरवून स्विंगआर्मचे बुशही एकदा उघडून पाहू, कारण त्यांच्यापुढचा रकाना अजून कोराच आहे.